रीएजंटच्या कपाटातले किस्से

यवतमाळ जिल्ह्यात हापशाच्या पाण्याचा अहवाल हातात पडला की नजर आधी फ्लोराईडच्या रकान्यावर जाते. पांढरकवडा, झरी जामणीकडे हे दुखणं जुनं आहे. पोरांच्या दातांवरचे तपकिरी डाग कुणीही दाखवेल. मात्र तो आकडा कागदावर उतरण्याआधी टेबलावर धातूचे आयन, पाणी आणि अल्कोहोल यांची जी खेचाखेच चालते, ती बाहेर कुणाला दिसत नाही.

पहिली गंमत नमुन्याच्या बाटलीची. कुणी दारूची रिकामी बाटली धुऊन त्यात पाणी भरून आणतं. फ्लोराईडला प्लॅस्टिकची बाटली लागते, त्यामुळे काच परत जाते. अल्कोहोल मात्र प्रयोगशाळेला खरोखरच हवं असतं. इथिल अल्कोहोल ठेवायचं तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आणि थेंबाथेंबाची नोंदवही आली. म्हणून जिथे चालतं तिथे आयसोप्रोपिलवर भागवतात.

सल्फेटच्या चाचणीत ते चालतं. तिथलं द्रावण म्हणजे ग्लिसरॉल, अल्कोहोल, मीठ आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं मिश्रण. नुसत्या पाण्यात, चाचणीसाठी घातलेल्या बेरियमभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा असतो. सल्फेट भेटताच तो सुटतो आणि बेरियम सल्फेटचे पांढरे कण तयार होतात. हे कण तळाशी बसले तर गढूळपणा मोजायचा कसा? ग्लिसरॉल-अल्कोहोलमुळे ते बारीक राहतात, तरंगत राहतात. तरी ढवळण्याची वेळ पाळावीच लागते. मधेच कुणी 'चहा आला' म्हणून हाक मारली, तरी हात थांबवायचा नाही.

कठीणपणाच्या चाचणीतला एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक तर भलताच नाजूक. द्रावणात तो फार दिवस टिकत नाही, अल्कोहोलमध्येही शिळा होतोच. शिळा झाला की वाइनसारख्या लाल रंगातून निळ्यात जाण्याचा क्षण धूसर होतो आणि मग दोघांचे दोन आकडे निघतात. जुनी मंडळी म्हणूनच तो मिठात कोरडाच घोटून ठेवतात. मला ही युक्ती पुस्तकातल्या कृतीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

पण खरा हट्टी गडी फ्लोराईडच्या चाचणीतला झिर्कोनियम. त्याच्यावर धन भार इतका की साध्या पाण्यात तो शेजारच्या रेणूतला हायड्रोजन आयन हुसकावून लावतो आणि हायड्रॉक्साईडच्या साखळ्या बांधत सुटतो. इथे अल्कोहोलचं काही चालत नाही. म्हणून फ्लोराईडच्या लाल रीएजंटमध्ये तीव्र आम्ल सढळ हाताने ओततात. मग नमुन्यातला फ्लोराईड रीएजंटमधल्या रंगद्रव्याकडून झिर्कोनियम हिसकावतो, लाली उतरते आणि उतरलेल्या लालीवरून आकडा ठरतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅम ठीक. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. या पद्धतीची झेपही साधारण 1.4 पर्यंतच. त्यापुढचं पाणी आधी पातळ करूनच मोजायचं.

यातला सगळ्यात फसवा प्रकार तुरटीचा. पाण्यातला फ्लोराईड काढायला नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने नालगोंडा पद्धत बसवली, ती तुरटी आणि चुन्यावर चालते. तुरटीतलं ॲल्युमिनियमही पाण्याचा हायड्रोजन हुसकावतं, हायड्रॉक्साईडचा पांढरा गाळ होतो, फ्लोराईड त्याला चिकटून खाली बसतो. या खटाटोपात पाणी आम्लधर्मी होतं, म्हणून चुना. पण थोडं ॲल्युमिनियम पाण्यात मागे राहिलं, तर चाचणीच्या नळीत ते फ्लोराईडला धरून बसतं आणि आकडा आहे त्याहून कमी येतो. जाणकार तंत्रज्ञ अशा नमुन्यात रीएजंट घातल्यावर दोनेक तास थांबून मग वाचन घेतो. नवखा लगेच वाचतो आणि पाणी पास करतो.

तेव्हा पाण्याचा नमुना द्याल तर स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत द्या, आणि पाण्यात तुरटी फिरवली असेल तर तसं बाटलीवर लिहायला विसरू नका.