गोलंदाज बिघडला की चेंडू बदलला?

फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यातला रणजी सामना बारामतीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर झाला. चेंडू होता मेरठला हाताने शिवलेला लाल एसजी. याच बारामती-इंदापुरात गावोगावच्या स्पर्धा मात्र टेनिस चेंडूवर चालतात, आणि घरोघरी रात्री टीव्हीवर दिसतो तो पांढरा कुकाबुरा. तिन्हीला आपण क्रिकेटच म्हणतो. त्यामुळे टीव्हीवरचा एखादा गोलंदाज मार खाऊ लागला, की पारावर निकाल लागतो: ‘आता त्याच्यात काही राहिलं नाही.’ हातातला चेंडू कुठला होता आणि किती षटकं जुना होता, हे क्वचितच कोणी विचारतं. मला वाटतं, पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.

मुळात ‘लेदर म्हणजे लेदर, कंपनी कुठली का असेना’ हेच चूक आहे. नियम चेंडूला थोडी मोकळीक देतो: वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. एवढ्या मापात बसणारे दोन चेंडू मैदानात अगदी वेगळे वागू शकतात, कारण खरा फरक शिवणीत असतो. एसजीची शिवण उठावदार असते आणि बराच वेळ तशीच टिकते. फिरकी गोलंदाजाला बोटं रुतवायला ती हवीच असते. कुकाबुराच्या शिवणीच्या सहा ओळींपैकी मधल्या दोन हाताने आणि बाहेरच्या चार यंत्राने घालतात. ती शिवण लवकर दबते. म्हणून ऑस्ट्रेलियात पहिली वीसेक षटकं संपली, की चेंडू वेगवान गोलंदाजाला साथ देईनासा होतो. इंग्लंडचा ड्यूक्स पुन्हा हातशिलाईचा. तो जास्त वेळ स्विंग होतो. भारतात बळींची रास लावणारा फिरकीपटू परदेशात थंड पडला, तर खेळपट्टीइतकाच चेंडूही त्याला कारण असतो.

आपल्या भागात हमखास ऐकू येणारं दुसरं वाक्य: ‘इथली हवा कोरडी, इथं चेंडू स्विंग व्हायचाच नाही.’ बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके, त्यामुळे हे सहज पटतं. पण नासात काम केलेले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रवींद्र मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये वातबोगद्यात क्रिकेटचे चेंडू तपासले. हवेतल्या ओलाव्याने चेंडू जास्त स्विंग होतो, असं काही त्यांना आढळलं नाही. ढगाळ दिवशी चेंडू जास्त वळतो, हा खेळाडूंचा अनुभव जुना आहे. ऊन नसलं की जमीन कमी तापते आणि मैदानावरची हवा स्थिर राहते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. दमटपणाला मात्र अजून भक्कम पुरावा नाही.

स्विंगची खरी गोष्ट चेंडूच्या अंगालगतच्या हवेच्या पातळ थरात आहे. शिवण थोडी तिरकी धरून चेंडू टाकला, की शिवणीच्या बाजूचा थर खळबळतो. खळबळलेली हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि उशिरा सुटते. गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. मग चेंडूमागची हवा एका अंगाला ढकलली जाते आणि चेंडू शिवणीच्या दिशेला वळतो. चेंडू जुना झाला, एक बाजू खरबरीत झाली आणि वेग भरपूर असला, की हेच गणित उलटतं. त्याला आपण रिव्हर्स स्विंग म्हणतो.

इथे आणखी एक गैरसमज पक्का बसला आहे: घाम किंवा थुंकी लावून चेंडूची एक बाजू जड करतात, म्हणून रिव्हर्स होतो. वजनाचा भाग यात असलाच तर नगण्य. दोन बाजूंच्या पृष्ठभागात फरक राखणं, एक लकाकती आणि दुसरी खडबडीत ठेवणं, हे खरं काम. जून २०२० मध्ये करोनामुळे आयसीसीने थुंकीवर बंदी घातली आणि २०२२ मध्ये ती कायम केली, तेव्हा स्विंग संपल्याचा गवगवा झाला. पण घामाला परवानगी होतीच आणि स्विंगही होत राहिला. आयपीएलमध्ये २०२५ च्या हंगामापासून थुंकीही पुन्हा चालू लागली. आता कोरड्या हवेच्या तक्रारीकडे परत बघा. कोरड्या भागातल्या मुरमाड, गवत नसलेल्या मैदानावर चेंडूची एक बाजू झटपट खरवडली जाते. म्हणजे ज्या मैदानांना आपण नावं ठेवतो, तीच रिव्हर्स स्विंग शिकायला सोयीची आहेत. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान याच कलेत जगात गाजला.

एकदिवसीय सामन्यातल्या दोन चेंडूंबद्दल तर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ऑक्टोबर २०११ पासून दोन टोकांना दोन वेगळे नवे चेंडू सुरू झाले. तेव्हा आयसीसीच्या अध्यक्षपदी बारामतीचे शरद पवार होते, त्यामुळे इकडे ही चर्चा जरा जास्तच रंगली. पहिली गोष्ट, ही कल्पना तेव्हाची नव्हे. १९९२च्या विश्वचषकात दोन टोकांना दोन पांढरे चेंडू वापरले होते. दुसरी, ‘दोन नवे चेंडू म्हणजे गोलंदाजांची चैन’ हा समज उलटा ठरला. सुरुवातीची काही षटकं चैन होती, हे खरं. पण ५० षटकांच्या डावात प्रत्येक चेंडू फक्त २५ षटकं वापरला जायचा. तो टणक राहायचा, बॅटवर छान यायचा, रिव्हर्स होण्याइतका झिजायचाच नाही. फिरकीलाही बोटात पकडायला जुना, मऊ चेंडू मिळेना. सचिन तेंडुलकरने २०१८ मध्ये या नियमावर उघड टीका केली, ती याच कारणासाठी.

पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये या नियमाच्या आधी एकच द्विशतक होतं, सचिनचं ग्वाल्हेरचं, फेब्रुवारी २०१०चं. नंतर एकट्या रोहित शर्माचीच तीन झाली. याचं सगळं खापर चेंडूवर फोडणंही बरोबर नाही. २०१२ मध्ये क्षेत्ररचनेचे नियम बदलले, बॅटी सुधारल्या, टी-ट्वेंटीने फटक्यांची भीड मोडली. तरी शेवटच्या दहा षटकांत गोलंदाजाच्या हातात टणक चेंडू असणं ही मोठी गोष्ट होती. २०२५ मध्ये नियम बदलला: ३४ षटकांपर्यंत दोन चेंडू, मग क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने त्यातला एक निवडायचा आणि उरलेली १६ षटकं त्यावरच टाकायची. ३४ षटकांनंतर प्रत्येक चेंडू १७ षटकं झिजलेला असतो. म्हणजे डाव संपताना निवडलेला चेंडू ३३ षटकांचा होतो. २५ आणि ३३ मधल्या या आठ षटकांत रिव्हर्सला पुन्हा दार उघडलं.

गुलाबी चेंडू आला तेव्हा ‘हा वेगवान गोलंदाजांचा चेंडू’ असं ठरूनच गेलं. संध्याकाळी दिव्यांखाली तो स्विंग होतो, हे खरं आहे. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये अहमदाबादला भारत-इंग्लंड कसोटी दोन दिवसांत संपली आणि पडलेल्या ३० पैकी २८ बळी फिरकीपटूंनी घेतले. अक्षर पटेलचे ११. गुलाबी चेंडूवर रंग टिकावा म्हणून चकचकीत थर जास्त असतो. त्यामुळे काही चेंडू टप्पा पडल्यावर न वळता सरळ, झपकन घुसायचे. फलंदाज चेंडू वळणार असं धरून बॅट आणायचा आणि पायचीत व्हायचा किंवा त्याची दांडी उडायची.

चेंडू बदलून मिळाला म्हणजे नवा मिळाला, हाही गैरसमजच. चेंडू हरवला किंवा त्याचा आकार बिघडला, तर पंच साधारण तेवढाच झिजलेला चेंडू देतात. आयपीएलमध्ये २०२५ पासून रात्रीच्या सामन्यात दुसऱ्या डावातल्या दहा षटकांनंतर दवामुळे चेंडू बदलून घेता येतो, तोही वापरलेलाच असतो. जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत बुमराने सकाळी झटपट बळी काढले, मग आकार बिघडला म्हणून चेंडू बदलला आणि बदलून मिळालेला चेंडू हलेचना. कर्णधार शुभमन गिल पंचांवर चिडला होता तो यावरून. आपल्याकडे लेदरच्या सामन्यात चेंडू उसात गेला आणि सापडला नाही, की सरळ कोरा चेंडू काढतात. तिसाव्या षटकात सलामीच्या गोलंदाजाला पुन्हा पहिलं षटक मिळाल्यासारखं होतं आणि सामना फिरतो. आयोजकांनी चार-पाच वापरलेले चेंडू पिशवीत ठेवले, तर एवढा अन्याय टळेल.

बेसबॉलमध्ये तर चेंडूपायी माणसाची खुर्ची गेली आहे. जपानच्या व्यावसायिक लीगने २०११ मध्ये सगळ्या संघांना एकच, कमी उसळणारा चेंडू दिला आणि होमरन, म्हणजे आपल्या षटकारांसारखे फटके, एकदम घटले. २०१३ मध्ये कोणालाही न सांगता जरा जास्त उसळणारा चेंडू आणला, होमरन वाढले, खेळाडूंना संशय आला आणि लीगला कबुली द्यावी लागली. त्याच वर्षी आयुक्त र्‍योझो काटो पायउतार झाले. बदल डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हताच, तो धावफलकावर दिसला.

आता आपल्या पोरांचं. ‘टेनिसवर त्याला कोणी खेळू शकत नाही, लेदरवर तर तो फाडूनच टाकेल’ हे ऐकून कितीतरी मुलं पुण्याला निवड चाचणीला जातात आणि हिरमुसून परततात. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. लेदरचा जवळजवळ पावणेतीन पट जड, आकाराने मात्र थोडासाच मोठा. हवेचा अडथळा दोघांना साधारण सारखा, पण हलका चेंडू त्याने लवकर मंदावतो. हातातून सारख्याच वेगाने सुटलेला लेदर चेंडू फलंदाजापर्यंत अधिक वेगाने पोचतो. टेनिसला उंचावलेली शिवण नाही, त्यामुळे टप्प्यावर पडून आत-बाहेर जाणं जवळपास नाही. उसळी जास्त, म्हणून फलंदाजाला आडव्या बॅटने मारायची सवय लागते. लेदरवर तोच फटका कडेला लागून स्लिपमध्ये जातो.

म्हणून टेनिस वाया जातं असं मुळीच नाही. तमिळनाडूचा टी. नटराजन टेनिस चेंडूवर यॉर्कर घोटूनच भारतीय संघापर्यंत पोचला. मनगट, अचूकता, शेवटच्या षटकातला धीर हे सगळं टेनिसवर येतं. शिवण धरणं आणि चेंडू उशिरा खेळणं मात्र लेदरवरच शिकावं लागतं. आणि नेटमध्ये मुलांच्या वाट्याला बहुतेकदा फाटके, मऊ पडलेले चेंडू येतात. नवा चेंडू महाग असतो, हे मान्य. पण चाचणीत पहिल्याच षटकात समोर येतो तो कोरा, लकाकता चेंडू. चाचणीआधीच्या पंधरवड्यात क्लबने वर्गणी काढून दोन नवे चेंडू आणले आणि सलामीला जाणाऱ्या मुलांना रोज त्यावर दहा मिनिटं खेळवलं, तर तो चेंडू त्यांना चाचणीत पहिल्यांदा बघावा लागणार नाही.