महामारी आणि बौद्ध दानधर्म

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने पीडित अशा एका भिक्षूची कथा येते. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीना. बुद्धांनी आनंदासह त्यास स्नान घातले आणि रुग्णसेवा ही आपल्याच सेवेसमान मानावी, असा संघास उपदेश केला.

25 मार्च 2020 रोजी सुरू झालेल्या टाळेबंदीत रोजंदारीवरील कामगार असेच निराधार झाले. ‘बहुजन हिताय’सारख्या महाराष्ट्रातील बौद्ध संस्थांनी त्यांना शिधा पोहोचविला, या संस्थेचे नावही महावग्गातील बुद्धवचनावरूनच घेतलेले आहे. घेणाऱ्याची उपयुक्तता न पाहता केवळ त्याची गरज पाहावी, हा या दानाचा निकष होय. म्हणूनच ते निव्वळ भूतदया नसून संघधर्माचे आचरण ठरते.