दीव बंदरी स्वतंत्रपणे फिरताना

मुंबईहून निघालेले पर्यटन-जहाज दीवसमोर नांगरले आणि लहान होड्यांतून उतारू किनाऱ्यास लागले, की ठरीव सहलीच्या मोटारीत न बसता, १५३५ साली गुजरातचा सुलतान बहादुरशाह याच्याशी झालेल्या करारान्वये पोर्तुगीजांनी उभारलेल्या किल्ल्याकडे पायीच निघावे. किल्ल्याचे बुरूज, खंदक आणि समोर समुद्रात उभा पाणीकोठा हा जलदुर्ग यांना सवड द्यावी. नजीकच्या सेंट पॉल चर्चचे बांधकाम १६१० साली पुरे झाले. नागोआचा किनारा दीव गावापासून सुमारे ७ किलोमीटर दूर; तिकडे रिक्षाने जावे, परतीचे भाडे आधीच ठरवावे आणि शेवटच्या होडीची वेळ उतरतानाच लिहून घ्यावी.