युद्धपट समजून घेताना (भाग ६) : मुलाचा सैनिक कसा केला जातो?

दौंडकरांना गडचिरोली परकी नाही. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ इथलेच, आणि त्यांच्या तुकड्या नक्षलविरोधी बंदोबस्तासाठी तिकडे जात आल्या आहेत. जवान जंगलात गेला की त्याचा फोन येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. त्या जंगलात समोर येणारी बंदूक कधी कधी एखाद्या मुलाच्या हातात असते. ती तिथे कशी पोहोचते, हे कॅरी फुकुनागाचा ‘बीस्ट्स ऑफ नो नेशन’ (२०१५) पायरीपायरीने दाखवतो.

पश्चिम आफ्रिकेतला एक निनावी देश. अगू आणि त्याचे मित्र टीव्हीचं रिकामं खोकं सैनिकांना विकायला नेतात. खोक्याच्या मागे उभं राहून पोरंच नाचतात, मारामारी करतात. ‘थ्री-डी’ हवं असेल तर एक जण चौकटीतून डोकं बाहेर काढतो. थोड्याच दिवसांत सरकारी फौज अगूच्या वडिलांना आणि भावाला गोळ्या घालते. जंगलात पळालेल्या अगूला बंडखोर पकडतात. त्यांचा कमांडंट (इद्रिस एल्बा) त्याला जेवण आणि माया देतो. मग हातात कोयता देऊन, हात जोडून विनवणाऱ्या एका तरुणावर तो चालवायला लावतो.

घर गेलं, नवा बाप मिळाला, हात रक्तात बुडाले. आता परत जायचं तरी कोणत्या तोंडाने? पोराला बांधून ठेवायला दोरखंड लागत नाही.

अगू साकारणारा घानाचा अब्राहम अट्टाह तोवर कधीच कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता. व्हेनिस महोत्सवात त्याला उदयोन्मुख कलावंताचा पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये ही भरती इतकी नाट्यमय नसे. ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या २००८च्या अहवालानुसार माओवादी सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ‘बाल संघम’मध्ये घेत आणि त्यांच्याकडून खबरा आणवत. बारा वर्षांपुढची मुलं चेतना नाट्य मंचात, मिलिशियात, दलममध्ये (सशस्त्र पथकांत) जात. त्याच अहवालाने छत्तीसगड पोलिसांनीही अल्पवयीनांना विशेष पोलीस अधिकारी केल्याचं नोंदवलं. म्हणजे दोन्हीकडून भरडली गेली ती आदिवासी पोरंच.

शिरूर-दौंडच्या मैदानांवर पहाटे भरतीसाठी धावणारी मुलंही वर्दीचंच स्वप्न पाहतात. फरक मात्र मोठा आहे. राखीव दलाची पाच किलोमीटरची धाव अठरा पूर्ण झाल्यावरच. अग्निवीर साडेसतराव्या वर्षी होता येतं. पण अठराच्या आत कुणालाही प्रत्यक्ष लढाईच्या भागात पाठवत नाही, असं भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलं आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ८३नुसार, केंद्राने जाहीर केलेल्या सशस्त्र गटाने मुलाची भरती केली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होतो. हा कायदा मुलाला भरती करणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. त्या मुलाला मात्र निवारा, शाळा आणि समुपदेशन मिळायला हवं, आणि ते वर्षानुवर्षं मिळायला हवं.

(पुढील आठवड्यात : एलेम क्लिमोवचा ‘कम अँड सी’ आणि बेलारूसची जळालेली गावं)