महासत्तेची धर्मनीती – लेखांक ६ : गहू, तेल आणि उपासनेचे स्वातंत्र्य

‘निरीश्वरवादी’ रशियाविरुद्ध अमेरिकेने धर्माची भाषा कशी वापरली, ते मागच्या लेखात पाहिले. त्या भाषेला पुढे जकातीची जोड मिळाली.

१९७२च्या उन्हाळ्यात धान्याची तूट आल्याने सोव्हिएत युनियनने अमेरिकेकडून प्रचंड गहू विकत घेतला. निक्सन आणि किसिंजर यांना मॉस्कोशी असलेला ताण कमी करायचा होता. ऑक्टोबरमध्ये व्यापार करार झाला आणि सोव्हिएत मालाला ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्रा’चा दर्जा, म्हणजे इतर देशांइतकेच आयातशुल्क, देण्याचे ठरले. पण ऑगस्टमध्येच मॉस्कोने देश सोडू पाहणाऱ्या सुशिक्षितांवर कर बसवला होता. सरकारी खर्चाने शिकलात, तो फेडा, मगच जा! रक्कम कित्येक वर्षांच्या पगाराइतकी. फटका बसला तो मुख्यतः इस्राएलला जाऊ पाहणाऱ्या ज्यूंना. परवान्यासाठी अर्ज केला की अनेकांची नोकरी जाई, आणि परवानाही मिळत नसे.

सिनेटर हेन्री जॅक्सन आणि प्रतिनिधी चार्ल्स व्हॅनिक यांनी नेमकी इथेच पाचर मारली. जो साम्यवादी देश नागरिकांना बाहेर जाऊ देत नाही, त्याला तो दर्जा नाही, अशी दुरुस्ती त्यांनी व्यापार कायद्यात सुचवली. १९७३मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी मॉस्कोतून उघड पत्र लिहून तिला पाठिंबा दिला. हे धाडस लहान नव्हते. शांतपणे बोलणी करून अधिक माणसे सुटतील, असे किसिंजर यांचे म्हणणे होते. ३ जानेवारी १९७५ रोजी फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. सोव्हिएत युनियनला मिळणारे सरकारी कर्जही काँग्रेसने चार वर्षांसाठी ३० कोटी डॉलरवर रोखले होते. त्याच महिन्यात मॉस्कोने करार धुडकावला. १९७३मध्ये सुमारे ३४ हजार ज्यू बाहेर पडले होते, १९७५मध्ये जेमतेम १३ हजार. १९७९मध्ये आकडा ५१ हजारांवर गेला आणि १९८६मध्ये हजाराच्याही खाली आला. दारे खरी उघडली ती गोर्बाचेव्ह यांच्या काळात.

म्हणजे किसिंजर बरोबर होते? निदान त्या वर्षापुरते, हो. तरीही मी जॅक्सन यांना दोष देणार नाही. अडकून पडलेल्या माणसांना आपला प्रश्न जगासमोर मांडला गेल्याचा आधार मिळाला, आणि अमेरिकेला त्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागत नव्हती. किंमत मोजायची वेळ आली तेव्हा काय झाले, ते चीनने दाखवले. हीच दुरुस्ती चीनलाही लागू होती. मात्र तिच्यात अध्यक्षांना सूट देण्याची मुभा होती, आणि चीनला मिळालेली सूट दरवर्षी वाढवून द्यावी लागे. १९९३मध्ये क्लिंटन यांनी ती मानवी हक्कांशी आणि तिबेटच्या धर्म-संस्कृतीच्या रक्षणाशी जोडली. अमेरिकी उद्योगांनी ओरड केली आणि १९९४च्या मे महिन्यात क्लिंटन यांनीच ती गाठ सोडली. २०००मध्ये चीनला कायमचा दर्जा देणारा कायदा झाला.

मधल्या काळात, १९९८मध्ये, अमेरिकेने आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. त्यानुसार धार्मिक छळ करणारे देश ‘विशेष चिंतेचे’ ठरतात आणि त्यांच्यावर निर्बंध येऊ शकतात. सौदी अरेबियात मुस्लिमेतरांना उघडपणे प्रार्थना करण्याची मुभा नव्हती. २००४मध्ये तो देश या यादीत आला. मात्र कायद्यातच राष्ट्रहितासाठी सूट देण्याची तरतूद आहे, आणि २००६पासून सौदीला ती बेमुदत मिळत राहिली. तेल आणि लष्करी सहकार्य, दोन्ही त्यामागे होते.

भारताचाही या कायद्याशी संबंध आला. २००५मध्ये गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचा व्हिसा याच कायद्याच्या आधारे रद्द झाला. २०१४मध्ये ते पंतप्रधान झाल्यावर त्याच देशाने त्यांचे स्वागत केले. कायद्याने नेमलेल्या आयोगाने आपल्या अहवालांत २०२०पासून सलग काही वर्षे भारताला ‘विशेष चिंतेच्या’ यादीत टाकण्याची शिफारस केली, पण त्या वर्षांत परराष्ट्र खात्याने ती मानली नाही.

असा अहवाल आला की आपल्याकडे एक बाजू संतापते, दुसरी तो डोक्यावर घेते. दोन्ही बाजूंच्या वाचकांना विनंती : अहवालात कोणाचे नाव आहे ते जरूर पाहा, आणि नाव असूनही सूट कोणाला मिळाली तेही शोधा.