भोपळ्याच्या कुलांतील कडूपणा

काकडी चिरण्यापूर्वीं तिचें देठाकडील टोंक छाटावयाचें, तें काकडीवर घासावयाचें आणि फेंस निघाला म्हणजे कडूपणा गेला असें समजावयाचें, ही चाल आपल्या घरोघरीं आहे. फेंसाचें महत्त्व कोणी कितीही मानो. टोंक छाटण्यांत मात्र शहाणपण आहे, कारण काकडी कडू निघाली तर तिचें कडू द्रव्य देठाकडे व सालीलगत अधिक असतें. हें द्रव्य कोणतें, वेल तें कां तयार करते आणि मनुष्यानें तें फळांतून कसें घालविलें, ही हकीकत शास्त्रज्ञांनीं पुष्कळशी उलगडली आहे. श्रोतेहो, तीच आज आपणांस सांगावयाची आहे. कारण तिचा संबंध केवळ जिभेशीं नाहीं, प्रसंगीं जिवाशींही आहे.

काकडी, दुधी, कोहळा, दोडका, पडवळ, कारलें, कलिंगड, खरबूज हीं सारीं एकाच कुलांतील. वनस्पतिशास्त्रांत त्यास कूष्मांड कुल म्हणतात आणि त्यांत सुमारें १,००० जाती मोडतात. आपल्या ताटांत येणारीं यांपैकीं बहुतेक फळें सौम्य किंवा गोड असलीं, तरी त्यांचे रानटी आप्त बहुधा अतिशय कडू असतात. ओसाड जमिनीवर पसरणारें इंद्रावण ज्यानें एकदां चाखलें, त्यास हें निराळें सांगावयास नको. या कडूपणाचें मूळ म्हणजे कुकर्बिटासिन नांवाच्या द्रव्यांचा एक समूह. तीं अत्यल्प प्रमाणांतही जिभेस जाणवतात, आणि अधिक पोटांत गेल्यास ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात.

वेलीस हा खटाटोप कशासाठीं? उत्तर सोपें वाटतें: शत्रूंपासून संरक्षणासाठीं. परंतु निसर्गाचा व्यवहार इतका सरळ नसतो. दा कोस्ता व जोन्स या संशोधकांनीं १९७१ सालीं एक मनोरंजक गोष्ट दाखवून दिली. काकडीच्या कडू वेलींवर तांबड्या कोळ्यांचें फारसें चालत नाहीं. मात्र काकडीवरील विशिष्ट भुंगेरे नेमके त्याच कडू वेलींकडे ओढले जातात. कडूपणा नसलेल्या वेलींची स्थिती याच्या उलट. म्हणजे जें एका शत्रूस विष, तेंच दुसऱ्यास आमंत्रण! शेतकऱ्यानें कडूपणा काढून टाकला तर एक पीडा टळते आणि दुसरी दारांत येते.

पशूंच्या बाबतींतही असाच भेद दिसतो. आपला लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा. तेथें हत्तीच्या जातीचा मॅस्टोडॉन नांवाचा प्रचंड प्राणी एके काळीं वावरत असे. त्याच्या पुराण्या शेणांत रानभोपळ्याच्या बिया सांपडल्या आहेत. शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हां असें आढळलें कीं, कडू चव ओळखणारीं जनुकें लहान प्राण्यांत अधिक व मोठ्या प्राण्यांत कमी असतात. उंदरासारख्या प्राण्यास कडूपणा दूर ठेवी. मॅस्टोडॉन मात्र फळ खाऊन बिया दूरवर टाकी. हे महाकाय प्राणी नष्ट झाल्यावर रानभोपळ्यांचा वाली गेला. पुढें मनुष्यानें त्यांना हाताशीं धरलें. मेक्सिकोंतील ओआहाका प्रांतांतील एका गुहेंत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारें १०,००० वर्षांपूर्वींच्या बिया मिळाल्या आहेत.

मनुष्यानें काय केलें? ज्या वेलीचें फळ कमी कडू, तिचें बीं त्यानें राखलें. या साध्या निवडीचा अर्थ २०१४ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं काकडीच्या संशोधनांतून स्पष्ट केला. काकडींत कुकर्बिटासिन तयार करणारीं नऊ जनुकें त्यांनीं शोधून काढलीं. आणि त्या सर्वांस हुकूम सोडणारीं दोन निराळीं जनुकेंही दाखविलीं. त्यांपैकीं एकाचा अंमल पानांवर, दुसऱ्याचा फळांवर. आपल्या पूर्वजांच्या निवडीनें फळावरील हुकूमदार दुबळा झाला. कारखाना मोडला नाहीं. फक्त फळांपुरती आज्ञा थांबली. म्हणूनच गोड काकडीच्या वेलीचें पानही कडू असूं शकतें. पुढें २०१६ सालीं खरबूज व कलिंगड यांच्याविषयींही असाच निष्कर्ष निघाला.

कारखाना शाबूत असल्यामुळें कडूपणा परतूंही शकतो. पाण्याचा ताण किंवा कडक थंडी यांनीं कांहीं जातींच्या काकड्या कडू होतात. दुसरा मार्ग संकराचा. या वेलींवर नरफुलें व मादीफुलें बहुधा निराळीं असतात आणि परागकण मधमाश्या वाहून नेतात. शेजारीं शोभेची किंवा रानटी कडू जात असली कीं तिचे पराग आपल्या वेलीवर येतात. त्या वर्षीं फळाची चव बदलत नाहीं, कारण फळाचा गर आईच्या शरीराचा भाग असतो. पण बियांत कडूपणाचा वारसा उतरतो. तें बीं पुढील वर्षीं लावलें म्हणजे फळ कडू निघतें आणि दिसण्यावरून मुळींच ओळखूं येत नाहीं.

येथें सावधपणाची गरज आहे. जर्मनींत २०१५ सालीं एका वृद्ध गृहस्थास घरच्या बागेंतील कडू झुकिनीची शिजविलेली भाजी खाल्ल्यानंतर प्राणास मुकावें लागलें. शिजविल्यानें हें विष नाहींसें होत नाहीं. आपल्या देशांत दुधीचा कच्चा रस औषधी म्हणून पिण्याची प्रथा आहे. कडू रसानें माणसें गंभीर आजारी पडल्याच्या, कांहीं दगावल्याच्याही घटना घडल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. समितीचा सल्ला थोडक्यांत असा: रस काढण्यापूर्वीं दुधीचा लहानसा तुकडा चाखावा, कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा, दुधीच्या रसांत दुसरा रस मिसळूं नये, आणि प्यायल्यावर मळमळ, ओकारी, जुलाब किंवा अस्वस्थता वाटल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. या विषावर उतारा नाहीं. उपचार केवळ लक्षणांवर करतां येतात.

कोणी विचारील, मग कारल्याचें काय? कारलें कडू म्हणूनच आपण त्यास जवळ केलें. त्याचीं कडू द्रव्यें याच रासायनिक घराण्यांतील असलीं, तरी निराळीं आहेत, आणि आपल्या स्वयंपाकांत त्याचा कडूपणा अपेक्षित आहे. भीति आहे ती जेथें कडूपणा नसावा तेथें तो आढळण्याची. अशा वेळीं साखर, मीठ किंवा लिंबू घालून कडूपणा झांकूं नये. आणि औषध म्हणून डोळे मिटून तो घोटूं तर मुळींच नये. पदार्थ वायां जाईल म्हणून गृहिणीचें मन हळहळतें हें खरें; परंतु कडू दुधी टाकून देणें ही उधळपट्टी नव्हे. हजारों वर्षांपूर्वीं कडू फळ बाजूस सारणाऱ्या माणसानेंही चाखूनच निवड केली होती. आपल्या स्वयंपाकघरांतही तीच कसोटी पुरेशी आहे.