पिकअपमध्ये जळक्या रबराचा वास: आधी 'कधी' ते विचारा

मी बेळगोळहून बोलतोय. म्हैसूरहून कृष्णराजसागर धरणाकडे निघालात की वाटेत लागणारं हे गाव. ऊस, भाजी, शहाळी भरलेल्या पिकअप इथून दिवसभर ये-जा करतात आणि माझ्याकडे येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "रबर जळल्यासारखा वास येतोय."

आता गंमत अशी, की पट्टा जळो, क्लच जळो, ब्रेकचं लायनर जळो, नाकाला सगळं 'रबर'च वाटतं. त्यामुळे नुसत्या वासावरून निदान होत नाही. मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: वास येतो कधी? याचं उत्तर नीट मिळालं की अर्धं काम झालं.

सकाळी गाडी सुरू करताना, 'चीं' आवाजासह येतो? मग बॉनेट उघडा आणि इंजिन बंद करून फॅन बेल्ट बघा. पट्टा सैल असला तर पुलीवर घसरतो आणि जळतो. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटीमीटर दबावा; नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. कडा चकचकीत झाल्या असतील, भेगा असतील, तर पट्टा बदला. ताण बरोबर असूनही जळत असेल तर पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. एखादं बेअरिंग जाम असेल. पट्ट्याला साबण किंवा पावडर चोळू नका. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटला की इंजिन तापतं आणि बिल कितीतरी पटीने वाढतं.

चढावर, रांगेत, हाफ क्लचवर येतो? मग क्लच. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये जोरात रेस द्या. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, म्हणजे प्लेट घसरतेय. आधी पेडलचा 'प्ले' तपासा. कधी तेवढ्यानेच भागतं. प्लेट संपली असेल तर प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्या, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा का द्यायची?

क्लचला पायही न लावता, सरळ रस्त्यावर काही किलोमीटर गेल्यावर येतो? इथे लोक फसतात. इथल्याच एका शेतकऱ्याची गाडी शहाळी घेऊन म्हैसूरच्या बंडीपाळ्य बाजाराला जायची. वास येतो म्हणून बाहेर कुठेतरी क्लच प्लेट बदलून झाली होती, वास तसाच. मी त्याला सांगितलं, पाच-सहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक लावून चालव, थांब आणि चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू ने, चिकटवू नकोस. मागचं डावं चाक भट्टीसारखं तापलेलं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, लिव्हर खाली केलं तरी ब्रेक सुटत नव्हता. केबल नवी आणि दोन्ही बाजूंचे लायनर नवे टाकले, वास गेला. अशा वेळी अडकलेला व्हील सिलिंडर, तुटलेली रिटर्न स्प्रिंग किंवा पुढचा कॅलिपरही कारण असू शकतो. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र ओतू नका, ड्रमला तडा जातो.

घाट उतरताना येतो? मग थांबा, तिथेच. मसिनगुडीहून उटीला जाणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणं आहेत. तुमच्याकडे आंबोली असेल, चोर्ला असेल, नियम एकच. ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की लायनर तापून पकड सोडतं आणि ब्रेक ऑईल उकळतं. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑईलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषला की तो १४० पर्यंत उतरू शकतो. मग पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑईल दिसायला बरं असलं तरी मुदतीत बदला.

माल भरल्यावरच, खड्ड्यात गाडी आपटली की येतो? मागच्या टायरच्या वर, हौद्याखाली बघा. पाटे बसले असतील तर टायर बॉडीला घासतो. घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतील. टायरमध्ये हवा कमी असली तरी बाजूचं रबर तापतं.

आमच्याकडचं एक खास कारण सांगतो. सुगीत या भागात शेतकरी नाचणी, हुलगा रस्त्यावर पसरतात, वाहनांच्या चाकांनी मळणी व्हावी म्हणून. त्यावरून गेलात की काड प्रोपेलर शाफ्टला गुंडाळलं जातं, सायलेन्सरला चिकटतं आणि पेट घेतं. याने अख्ख्या गाड्या जळल्या आहेत. प्लास्टिकची पिशवी किंवा पोत्याची सुतळीही तेच करते. असा रस्ता ओलांडला की पुढे थांबून गाडीखाली एकदा वाकून बघा. सायलेन्सर गार झाल्याशिवाय हात घालू नका.

आणि शेवटचं. वास तिखट, प्लास्टिकसारखा असेल, डॅशबोर्डमधून येत असेल, तर ते वायरिंग. गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा. धूर नसेल तरच बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. जळालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार कधीच लावू नका.

तर मंडळी, गॅरेजला जाताना 'वास येतो' एवढंच सांगू नका. कधी येतो, कोणत्या बाजूने येतो, गाडीत माल होता का, हे कागदावर लिहून न्या. मिस्त्रीचा वेळ वाचेल, तुमचे पैसे वाचतील. पुढच्या भागात रेडिएटरच्या पाण्याबद्दल बोलू. सांभाळून चालवा.